कुणी न पाहिलं तरी

बडोद्याच्या कॉलेजात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. मुलं गुजराती, पुस्तक इंग्रजी, आणि रागावले की मी मराठी. क्वांटम मेकॅनिक्समधला दोन फटींचा प्रयोग आला की माझा आवाज आपोआप चढायचा. दोन बारीक फटींच्या दिशेने एकेक इलेक्ट्रॉन सोडला, तर पलीकडच्या पडद्यावर हळूहळू पट्टे उमटतात. जणू प्रत्येकजण दोन्ही फटींतून गेला. पण कुठल्या फटीतून गेला हे टिपणारं यंत्र तिथे बसवलं की पट्टे गायब. इलेक्ट्रॉन शहाण्या मुलासारखा एकाच फटीचा होतो.

मग दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "पण बेन, कोई जुए ज नहीं तो?" यंत्राने टिपलेलं कुणी पाहिलंच नाही तर?

"तो पण," तरीसुद्धा, मी ठणकावून सांगायचे. निरीक्षक म्हणजे डोळे लावून बसलेला माणूस नव्हे. यंत्र पुरतं. अनेक शक्यतांमधून नेमकी एकच कशी आणि कधी खरी ठरते, हे समीकरणं सांगत नाहीत आणि त्यावर मोठमोठी डोकी अजून भांडतात, हेही सांगायचे. पण 'मनाने पाहिलं म्हणून जग झालं' अशी प्रवचनं झोडणाऱ्यांचा मला मनस्वी संताप यायचा. अजूनही येतो.

आमचे हे शहराबाहेर बाजव्याकडच्या रिफायनरीत होते. पाळी कुठलीही असो, चप्पल घालताना "येतो" म्हणायचे आणि मी असेन तिथून "हं" म्हणायचे. ते कायमचे गेल्यावर घरात "येते" कुणाला म्हणायचं, हा प्रश्नच होता. जेवणाचं तर विचारूच नका. खिचडी करायची आणि ओट्याशी उभ्या उभ्या कढईतूनच खायची. एका जीवासाठी ताट कशाला विसळा?

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण बंगळूरहून मुलगा धावत आला आणि जाताना हॉलमध्ये एक कॅमेरा बसवून गेला. जेवणाच्या टेबलापासून दारापर्यंत सगळं त्याच्या टप्प्यात. "आई, आता काळजी नाही. माझ्या फोनवर सगळं दिसतं."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी गाऊन बदलून साडी नेसायला लागले. टेबलावर ताट मांडायला लागले. डावीकडे चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वर चिमूटभर मीठ, सगळं सासूबाईंनी शिकवलं तसं. भाजीला निघाले की कॅमेऱ्याच्या हिरव्या दिव्याकडे बघून "येते रे" म्हणायचे. मला हसू यायचं, पण खरं सांगते, ते महिने बरे गेले. चवीने जेवले. कुणीतरी बघत होतं.

सुनेने दिलेली मोरपंखी साडी एकदा मुद्दाम नेसले आणि संध्याकाळी फोनवर विचारलं, "आज साडी ओळखलीस का?"

"कुठली साडी?"

"अरे, कॅमेऱ्यात दिसली नाही?"

"छे गं! मी कशाला बघत बसू? तुझं घर आहे ते, कुणी सतत पाहत राहिलं तर तुला अवघडायला होईल. दिवसा तीन तास काहीच हललं नाही, तर फक्त सूचना येते. शपथ आई, मी एकदाही उघडून पाहिलं नाही."

किती समजूतदार मुलगा! त्याला काय बोलणार? छान केलंस म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं. मी चालतीबोलती असेपर्यंत कुणाला दिसणार नव्हते. हलायची थांबले, तरच दिसणार होते.

तरीही प्रयोग केल्याशिवाय माझा विश्वास कसा बसणार? एका दुपारी दरवाजा लावला, खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढली आणि बसून राहिले. पाठीला रग लागली, नाकावर माशी बसली, तरी हलले नाही. शेवटी एकदाचा फोन वाजला.

"आई! काय झालं? बरी आहेस ना?" तो धापा टाकत होता. त्या आवाजाने माझ्या जिवाला फार बरं वाटलं.

"बरी आहे रे. नुसती बसले होते."

"अगं, मीटिंग सोडून बाहेर आलो मी!" मग जरा शांत होऊन म्हणाला, "थांब, मी वेळ वाढवून सहा तास करून ठेवतो. म्हणजे तू निवांत बसत जा."

मोजायला गेलं की मोजायच्या वस्तूलाच धक्का लागतो, हेही मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी खिचडी केली. कढई उचलून हॉलमध्ये आणली आणि कॅमेऱ्याच्या अगदी समोर उभी राहून, गाऊनमध्येच, कढईतून खाल्ली. हिरवा दिवा लागलेला होता. यंत्र सगळं इमानेइतबारे टिपत होतं. मी मात्र ते घरात येण्याआधी जशी होते, तशीच पुन्हा झाले होते. इलेक्ट्रॉन असं करत नाही. त्याला यंत्र पुरतं.

मग पिशवी घेतली आणि "येते" न म्हणताच दाराला कुलूप लावलं.