पहिली ओळ उत्तरेची

दुपारचे अडीच वाजलेत. कोपर टेबलावर, डोकं कोपरावर. हाताखाली खांबेटे सरांच्या प्रोग्रॅमची छापील पानं. अक्षरं फिकी होत जातात आणि शेजारची खुर्ची करकरते.

खांबेटे सर बसलेत, कानामागे नेहमीची पेन्सिल. एप्रिलमध्ये वारले ते. मला भीती वाटत नाही. मला त्यांचा संशय आहे.

कुठल्या उतारावर किती पाऊस पडला, दरड कुठे कोसळू शकेल, याचा नकाशा त्यांच्या प्रोग्रॅममधून निघतो. पावसाचा तक्ता बाहेरून फाइलमध्ये येतो; त्यातली एकेक ओळ म्हणजे नकाशातली एकेक आडवी पट्टी. काल त्यात पाथरवाडी लाल झाली. तिथली माणसं शाळेत हलवली. आज सकाळी तिथल्या कदमांचा फोन आला, "मॅडम, इथं तर कपडे वाळतायत." ऑफिसात सगळे म्हणाले, तिथलं पर्जन्यमापक बिघडलं असेल, सरांचं काम चुकत नाही.

"सर, पावसाच्या तक्त्यातली पहिली ओळ उत्तरेची की दक्षिणेची?"

"चहा घेतलास?"

"विचारतेय ते सांगा."

ते उठून चालू लागतात. मी मागोमाग कँटीनच्या दारातून आत जाते, तर पायाखाली ओला उतार. कँटीनची बाकं गवतात रुतलेली. दरीपल्याड पाथरवाडी, इकडे पायथ्याशी उंबरमाळ वाडीची कौलं.

"उत्तर कुठे आहे?"

ते हात उचलतात आणि कुठेच न दाखवता खाली घेतात.

"तुम्ही पहिली ओळ दक्षिणेची धरलीत ना?"

"आधी तशीच यायची. मग फाइल पाठवणाऱ्यांनी क्रम उलटा केला."

"तुम्हाला कधी कळलं?"

ते चष्मा पुसत राहतात. "हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी."

"आणि गप्प बसलात?"

"परत येऊन दुरुस्त करणार होतो, तनुजा. कुणाला न कळता."

हे खरंच ते बोलतायत, की माझीच शंका मी मेलेल्या माणसाच्या तोंडी घालतेय? मी निरखून बघते. ते नजर चुकवतात. त्यांच्यामागे उंबरमाळच्या एका घरातून चुलीचा धूर वर येतोय.

जाग येते. मान आखडलीय. मी आधी फाइल उघडते. पहिल्या ओळीचा अक्षांश सगळ्यात मोठा, पुढचे उतरत गेलेले. म्हणजे पहिली ओळ उत्तरेची. प्रोग्रॅम तिला दक्षिणेला ठेवतोय. ओळी उलटवून बघते. लाल रंग उंबरमाळवर हवा होता.

तहसील कार्यालयात फोन लावते.

"नकाशा उलटा होता. उंबरमाळ लगेच हलवा."

"नक्की का, मॅडम? काल तर पाथरवाडी म्हणालात."

"नक्की. चूक आमची आहे."

पाच वाजता निरोप येतो, उंबरमाळ रिकामं झालं.

मग मी पानं गोळा करते. प्रोग्रॅममधल्या, तक्ता वाचणाऱ्या त्या एका ओळीशेजारी पेन्सिलीची बारीक फुली आहे. पानं मी आजच छापलीत आणि पेन्सिल मी वापरत नाही. फुलीवरून अंगठा फिरवते. अंगठा काळा होतो.