बोटीच्या दिवशी चिडियाखाना

घराबाहेर पडताना तुम्ही आपल्या लहान मुलाची नजर चुकवून पडता का? पडत असाल तर कशासाठी? मूल रडू नये म्हणून, की त्याचं रडणं आपल्याला ऐकावं लागू नये म्हणून?

मला हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो आमच्या कलकत्त्याच्या घरात. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि मी कॉलेजात होते. वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. माझ्या जन्माआधी त्यांची नागपूरहून इकडे बदली झाली आणि मग ते इथलेच झाले. भवानीपुरात दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. त्यांतल्या एकीत वडिलांच्या पत्रकांचं कपाट होतं. दारूबंदी, स्त्रीशिक्षण, हुंडा, अस्पृश्यता, गिरणी कामगारांचा संप, ज्या विषयावर जे छापील हाती आलं ते त्यांनी टाकलं नाही. मी अक्षरं ओळखायला शिकले ती या पत्रकांवरून. दुसऱ्या घरांतल्या मुली परवचा म्हणत तेव्हा मी जेवायला बसलेल्यांना ‘बंधुभगिनींनो’ म्हणून वाचून दाखवत असे.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचं सासर नागपूरचं. भाऊजींना सिंगापूरला बोटी दुरुस्त करण्याच्या कारखान्यात इंजिनियरची नोकरी मिळाली. बोट कलकत्त्याहून सुटायची होती, म्हणून ती दोघं साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन आठवडाभर आमच्याकडे उतरली. लेकीला मात्र बरोबर न्यायचं नव्हतं. तिकडे घर मिळणार होतं, पण ते रिकामं व्हायला वेळ होता. तोवर या दोघांनी दुसऱ्या एका कुटुंबात, एका खोलीत राहायचं होतं. तेव्हा पोरीला आजीकडे ठेवावं, घर मिळालं की चांगली सोबत बघून पाठवून द्यावं, असं ताईच्या सासरच्यांनी आणि आमच्या आईवडिलांनी मिळून ठरवलं. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ताईला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही नाही म्हटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी चहा घेताना आईने मला कामगिरी सांगितली. “बोटीच्या दिवशी सकाळी तू हिला चिडियाखान्यात घेऊन जा. वाघ बघेल, हत्ती बघेल. तुम्ही परत याल तोवर ही दोघं गेलेली असतील.”

“आणि आई कुठे म्हणून विचारलं तर?”

“बाजारात गेलीय म्हणायचं.”

“सिंगापूरच्या बाजारात?”

भाऊजी हसले. आई हसली नाही. वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, “मुलं दोन दिवसांत विसरतात. उगाच समोरासमोर रडारड कशाला?”

“बाबा, मुलांशी खोटं बोलू नये असं सांगणारं पत्रक तुमच्याच कपाटात आहे.”

“ते शाळामास्तरांसाठी होतं.”

“आजोबांसाठी वेगळं छापतात का?”

“जीभ बघा हिची,” आई भाऊजींना म्हणाली. “हिला स्थळ बघताना आधी मुलाचे कान तपासावे लागणार आहेत.”

“बहिराच बघू,” भाऊजी म्हणाले. “तो तरी सुखी होईल.”

मी म्हटलं, चेष्टा राहू द्या, मी तिला नेणार नाही. मुलाला फसवून जाणं हा अन्याय आहे, आणि तो दुबळ्यावर होतो म्हणून दुप्पट अन्याय आहे. असं बरंच काही बोलले. आईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि कपबशा उचलल्या. “बरं. नको नेऊस. मी नेईन.”

माझ्या तत्त्वाची किंमत तेवढीच झाली. चिडियाखान्याचा बेत होता तसाच राहिला, फक्त सोबतीचं माणूस बदललं.

त्यातच आईने दुसरं एक काढलं. पोरीला सवय व्हावी म्हणून ताईने रोज थोडा वेळ गुपचूप नाहीसं व्हायचं. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग दोन तास. कल्पना चांगल्या मनाने काढलेली होती आणि आईने ती औषधासारखी काटेकोर दिली. पोरगी खेळात रमली की आई डोळ्यांनी खुणावायची आणि ताई चपला हातात घेऊन जिना उतरायची. अशाच एका फेरीत मी तिच्याबरोबर एस्प्लनेडला गेले. प्रवासासाठी पेटीचं कुलूप आणि छत्री घ्यायची होती. दुकानदार एकामागून एक छत्र्या उघडून दाखवत होता आणि ताई म्हणत होती, “आता खेळ सोडून उठली असेल. शोधत असेल.” शेवटी छत्री न घेताच आम्ही परत आलो.

पोरीला सवय झाली, पण निराळीच. ती ताईचा पदर मुठीत धरून झोपू लागली. ताई न्हाणीघरात गेली की ही बाहेर दाराला पाठ लावून बसायची. जेवताना घास तोंडात आणि डोळे जिन्यावर. भाऊजींनी नवी चेंडूफळी आणली, तर तिने ती हातात घेतली आणि विचारलं, “हे घेतलं की तुम्ही जाणार?” भाऊजी उठून गॅलरीत गेले. मी मागोमाग गेले. त्यांना दोन शब्द सुनावायचे होते, पण तेच आधी बोलले. “मला ती रडताना बघवत नाही. खरं सांगतो. तुला भित्रेपणा वाटत असेल तर वाटू दे.” मला तसंच वाटत होतं.

बोट निघायच्या आदल्या दिवशी भाऊजी कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. माल चढायचा राहिला होता, बोट दोन दिवस उशिरा सुटणार होती. दुपारची वेळ. आई आणि ताई स्वयंपाकघरात प्रवासासाठी रव्याचे लाडू करत होत्या, मी वेलदोडे सोलत होते. पोरगी ताईच्या मांडीला टेकून बसल्या बसल्या पेंगली होती. भाऊजींनी दारातूनच बातमी सांगितली.

“बरंच झालं,” आई म्हणाली. “तिला आणखी दोन दिवस सवय होईल.”

ताईने हातातला लाडू ताटात ठेवला. “आई, मला तू बाहुलीच्या लग्नाला पाठवलं होतंस.”

“कधी ग?”

“तुम्ही कलकत्त्याला आलात तेव्हा. नागपूरला. आत्याने मला शेजारी नेलं. तू माझ्या गळ्यात लाल मण्यांची माळ घातली होतीस. परत आले तर तुझी पेटी नव्हती. मग स्वयंपाकघरात जाऊन बघितलं, स्टोव्हही नव्हता.”

हे मला ठाऊक नव्हतं. बदलीच्या वेळी ताईला वर्षभर आजीकडे ठेवलं होतं एवढंच घरात बोललं जायचं, तेही आजीच्या कौतुकात.

आईचा हात पातेल्यातच राहिला. “तुला आठवतंय? चार वर्षांची होतीस. आणि तू तर रडलीच नव्हतीस. आजी सगळ्यांना सांगायच्या, पोर गुणाची, एकदा डोळ्यांत पाणी आणलं नाही.”

“मला वाटलं, मी लग्नाला गेले म्हणून तुम्ही गेलात. आता रडले तर आजीपण जाईल.”

भाऊजी दारातच उभे होते.

“आम्हांला काय हौस होती?” आई म्हणाली. “नवं गाव, राहायला जागा नाही, भाषा येत नाही. तुला घेऊन कुठे हिंडणार होतो?”

“ठेवून गेलात म्हणून मी काही म्हणत नाही, आई. मीही ठेवूनच चाललेय. सांगून गेला असतात तर मी जिन्याकडे बघत बसले नसते.”

आई परत लाडू वळू लागली. दोन-तीन वळून झाल्यावर खाली मान घालूनच म्हणाली, “मग सांग तिला. पण तूच सांग. आणि ती आकांत करायला लागली की मला हाक मारू नकोस, मला ऐकवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने लेकीला गॅलरीत समोर बसवून सांगितलं. मी आणि बाबा मोठ्या बोटीने लांब जाणार. तू आजीकडे राहणार. तिकडे आपलं घर तयार झालं की तू बोटीने येशील. उद्या नाही, परवा नाही, खूप दिवसांनी.

पोरीने आधी ते मानलंच नाही. मग विचारलं, “मी काय केलं?” ताई म्हणाली, “काही नाही केलंस. तिथे आत्ता झोपायला जागा नाही.” “मी तुझ्या अंगावर झोपेन,” ती म्हणाली. मग मात्र ती रडली. भाऊजींना बुक्क्या मारल्या, चेंडूफळी गॅलरीतून खाली रस्त्यावर फेकली, जेवली नाही. आई आतल्या खोलीत दार लावून बसली होती. वडिलांनी दोनदा ऑफिसची पिशवी भरली आणि दोनदा खाली ठेवली. संध्याकाळी पोरीने स्वतःच विचारलं, “बोट मला दाखवाल?”

म्हणून बोटीच्या दिवशी तिला घेऊन आम्ही खिदिरपूरच्या गोदीवर गेलो. आईसुद्धा आली. निरोप द्यायला आलेल्यांना कठड्यापर्यंतच सोडत होते. पोरीने बोट नीट बघून घेतली. “आई कुठल्या खिडकीत?” भाऊजींनी अंदाजाने एक दाखवली. ताईने तिला जवळ घेतलं, मी आता जाते म्हणाली, आणि भाऊजींबरोबर शिडीकडे गेली. मागे वळून बघू नये असं तिला कोणीतरी बजावलं होतं. ती तीनदा वळली, आणि तिन्ही वेळा पोरगी तिच्याकडेच बघत होती.

परतीच्या ट्रॅममध्ये ती एस्प्लनेडपर्यंत गळा काढून रडत होती. एका बंगाली आजीबाईंनी मला झापलं, लेकराला मारलंस का म्हणून. आईने त्यांना मोडक्या बंगालीत सांगितलं, “हिची आई बोटीवर गेली, आणि हिला ते ठाऊक आहे.” आजीबाई सरकून बसल्या आणि पोरीला खिडकी दिली.

पुढे सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. पंधरा-वीस दिवस ती धड जेवली नाही, तिचं पोट दुखायचं. “ही तुझी तत्त्वं,” आई मला म्हणायची, आणि पोरीला मांडीवर घेऊन भात भरवायची. रोज सकाळी पोरगी विचारायची, आई बोटीवर की घरी? आम्ही खरं असेल ते सांगायचो. पण झोपताना तिने कोणाचा पदर मुठीत धरला नाही. मी कॉलेजला निघाले की कुठे आणि केव्हा येणार ते विचारायची आणि उत्तर मिळालं की आपल्या खेळाला लागायची. पुढच्या वर्षी सोबत मिळाली आणि ती सिंगापूरला गेली.

वडिलांच्या कपाटात या विषयावर एकही पत्रक नव्हतं, म्हणून मी हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात तान्हं-लहान मूल आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे. उद्या कामाला, बाजाराला, गावाला, जिथे कुठे जाल, चपला हातात घेऊन जिना उतरू नका. मुलाला हाक मारा, कुठे जाता आणि केव्हा याल ते सांगा. रडलं तर पायरीवर उभे राहून ते ऐका, आणि मग निघा.