पहिल्या दिवसाची टेप
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मी आजही खोलीबाहेर जाऊन बसतो. दुष्काळाच्या त्या वर्षांत शहर वेशीवरच्या हर्सूल गावाच्या पुढं सरकत होतं आणि मी टँकरची मागणी नोंदवणाऱ्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर होतो. लोक उन्हात रांग लावून तोंडी मागणी सांगायचे, ती मी थेट मशीनमध्ये भरायचो. आणि मशीन तापू नये म्हणून कूलरला मात्र रोज चार बादल्या पाणी. मशीन बदललं तेव्हा सगळ्या नोंदी एकाच चुंबकी टेपवर काढून ठेवल्या होत्या. कूलरच्या ओलीनं तिच्यावरची चिठ्ठी गळून पडली आणि कोरी समजून मी तिच्यावर पगारपत्रकं उतरवायला लागलो. लक्षात येताच थांबवलं. पुण्याहून आलेल्या माणसानं दोन दिवस खपून बाकीची टेप वाचून काढली, पण सुरुवातीच्या, म्हणजे पहिल्या दिवशीच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. जे सगळ्यांत आधी आले होते, नेमके तेच यादीतून पुसले गेले. साहेब म्हणाले, “कुणी आलं तर नव्यानं नाव घे, शेवटी टाक. बोलू नको कुठं.” आठवड्याभरात मेंढरं राखणारे एक म्हातारे आले. “साहेब, लाइनीत पयला मीच व्हतो की.” मी पडद्याकडं बघत म्हणालो, “बाबा, यात तुमचं नाव नाही.” त्यांनी वाकून पडद्याकडं पाहिलं. “मिशनीत नाय म्हंता? मग म्याच येड्यावानी दुसऱ्या हापिसात गेलो असंल,” असं म्हणून, वर माझीच माफी मागून, ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पहिल्या दिवशी मीच भरलेलं त्यांचं नाव मला तेव्हा तोंडपाठ होतं. आजही आहे.