डोकी मोजली, मनगटं राहिली

बांगड्यांच्या दुकानासाठी कारंजा गावात सगळ्यात चुकीची जागा कोणती, हे मी तीन दिवस कसून अभ्यास करून शोधून काढलं.

गावात एसटीडी बूथ नवे नवे होते तेव्हाची ही गोष्ट. दुकान खरं तर सुषमाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. काचेची बांगडी न तडकवता भरावी तर तिनंच, आणि स्वतःचं दुकान हे तिचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न! तिला बाजारामागच्या गल्लीतला, पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा आवडला होता. "दळण होईस्तोर बाया तिथं रिकाम्या उभ्या राह्यतात," ती म्हणाली. मी हसलो. पीठ उडणाऱ्या गल्लीत कोणी धंदा करतं का? धंद्यातलं मला कळतं, असं मला त्या काळी वाटायचं. (मी बियाण्यांच्या दुकानात दोन वर्षं पावत्या फाडल्या होत्या.)

मी वही-पेन घेऊन हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि येणारी-जाणारी डोकी मोजली. वहीची आठ पानं भरली! गिरणीसमोर अर्धंसुद्धा भरलं नसतं. ताबडतोब दोन ढाब्यांच्या मधला गाळा घेऊन टाकला.

पहिल्या महिन्यात दुकानात पुष्कळ लोक आले. पंक्चरवाला कुठे बसतो, नागपूरची गाडी गेली का, असं विचारून गेले. बांगडी भरायला मात्र एकही बाई फिरकली नाही. ढाब्याच्या खाटांवर पसरलेल्या ट्रकवाल्यांसमोर हात पुढे करून कोण बसणार? सुषमा भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रोज बांगड्यांवरची धूळ पुसायची, आणि मला ते बघवत नसे. दिवाळीपर्यंत हेच चाललं तर दुकान बंद करायचं, एवढंच ती एकदा बोलली.

मग एका शुक्रवारी दुपारी एक ड्रायव्हर आला. त्याला गावी बायकोसाठी बांगड्या न्यायच्या होत्या. माप विचारलं तर त्यानं माझ्या हडकुळ्या हाताकडे बोट दाखवलं. "बस, इनके जितना." महिन्याभरातलं पहिलं गिऱ्हाईक! मी हात पुढे केला. सुषमानं माझी बोटं चेपून हिरवी बांगडी सर्रकन चढवली. त्याला निळीही घालून बघायची होती. त्याच्या क्लीनरला (याचं नुकतंच लग्न ठरलं होतं) मोरपंखी हवी होती. ढाब्यावरचे आणखी चौघे उठून आले. प्रत्येकाच्या बायकोचा हात नेमका माझ्याएवढा! तासाभरात माझे दोन्ही हात भरले, आणि तेवढ्यात वर्ध्याच्या गाडीतून सुषमाचे वडील उतरले. लेकीनं त्यांना बूथवरून फोन केला होता, हे मला तेव्हा कळलं.

"जावईबापू, हे काय करून राह्यले तुमी?"

"धंदा, मामाजी."

त्यांनी माझी अभ्यासाची वही मागितली, आठही पानं शांतपणे चाळली आणि मिटली. "तुमी डोके मोजले. मनगटं मोजाले पाह्यजे होते."

आता बांगड्या निघेनात. साबण झाला, खोबरेल झालं. फोडून टाक म्हटलं, तर सुषमा ठाम. "शुक्रवारी बांगडी वाढवत नाई. उद्या पाहू." (बांगडी आमच्याकडे फुटत नाही, वाढते!) मामाजींना तर गिरणीजवळचा गाळा तेव्हाच बघायचा होता. बाह्या खाली ओढत, किणकिणत मी त्यांच्या मागे निघालो.

गिरणीपाशी दहा-बारा बाया दळणाचे डबे ठेवून उभ्या होत्या. आधी त्या पोट धरून हसल्या. मग एकीनं माझं मनगट धरून उजेडाकडे फिरवलं. "हे मोरपंखी कुठी भेटते हो?" दुसरीनं दुसरा हात ओढला. शेवटचा डबा दळून होईपर्यंत माझी सुटका झाली नाही. सुषमा बाजूला उभी राहून सगळ्यांची मापं विचारत होती आणि कितीतरी दिवसांनी हसत होती. मला लाज वाटायला हवी होती, पण तिला तसं पाहून फार बरं वाटलं.

दिवाळीआधीच दुकान गिरणीशेजारी आलं, आणि जोरात चाललं. काही वर्षांनी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत दुसरं काढायचं ठरलं, तेव्हा सुषमा मला आवर्जून सोबत घेऊन गेली. मला अभिमान वाटला. मालकानं दोन गाळे दाखवले. "तुमाले कोन्ता पटते?" तिनं विचारलं. मी दोन्हीकडे चार-चार चकरा मारल्या, खूप विचार केला आणि कोपऱ्यावरचा निवडला.

सुषमा मालकाकडे वळली. "मंग आमाले दुसरा द्या, भाऊ."