आधी कामाचं

रेडिओवाल्याच्या बायकोच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की दुकानातले सगळे रेडिओ बंद ठेवले तरी चालायचं. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. त्या पडद्याआडून ती नवऱ्याला दिवसभर हाका मारायची. हातातलं काम टाकून तो जायचा, तर तिकडे कामच नसायचं. "काही नाही हो, बसा जरा." तो करवादायचा, पण बसायचा. बाहेर गिऱ्हाईक ताटकळायचं आणि आत बाईसाहेब शेजारणीची सून कशी आहे ते सविस्तर सांगायच्या.

नेमकी अशा बाईचीच जीभ जड व्हायला लागली. नशिबाला दुसरं कोणी सापडलं नाही. स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार, डॉक्टर म्हणाले, बोलणं आधी जाईल, मग हातपाय. दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. हिनं त्यांचं नाव वाचाबाई ठेवून टाकलं होतं. त्यांनी एक यंत्र आणून दिलं. चपटी पेटी, वर वीस चौकोन, प्रत्येकावर चित्र. चौकोन दाबला की त्यात भरलेलं वाक्य वाजायचं.

"आवाज आहे तोवर यांच्याच आवाजात भरून घ्या," वाचाबाई म्हणाल्या. "आणि काय भरायचं ते यांना ठरवू द्या. औषधपाण्याचं तुम्हाला बघूनही कळेल. या दिवसभर जे बोलतात ना, ते आधी घ्या."

रेडिओवाल्यानं मान डोलावली आणि आपलंच खरं केलं. त्याच्या धंद्याची रीत होती, बंद सेट आला की आधी आवाज चालू करायचा, पेटीला पॉलिश मग.

"आधी कामाचं भरू," तो म्हणाला. "पाणी, औषध, दुखणंखुपणं. बाकीचं नंतर."

"तुम्हाला बोलवायचं कसं मग?" तिनं एकेक शब्द ओढत विचारलं. "ते भरा आधी."

"भरू गं. मी काय पळून चाललोय?"

माणूस वाईट नव्हता. हे सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर रागावणं फार सोपं आहे. रोज सकाळी, तिचा आवाज ताजा असताना, तो दुकान बंद ठेवून तिच्यासमोर बसायचा. पण जन्म गेला रेडिओत, खरखर म्हणजे दोष! "पाठ दुखते" एवढं वाक्य त्यानं चार-पाचदा म्हणवून घेतलं, मागे जराशी खरखर येत होती म्हणून. तेवढ्यात ती दमायची आणि त्या दिवसाचं काम तिथंच थांबायचं. 'हो', 'नाही' झालं, पाणी झालं, औषध झालं, पंखा झाला, पाठ झाली. निम्मे चौकोन भरले होते, तेव्हा एका सकाळी तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाकीचे चौकोन कोरे राहिले.

यंत्र मात्र उत्तम चाललं. पडद्याआडून स्वच्छ आवाज यायचा, "पाठ दुखते." तो धावत जायचा, तेल चोळायचा, उशी सारखी करायचा आणि दुकानात परतायचा. घटकाभरानं पुन्हा "पाठ दुखते." दिवसातून कितीदा तरी. त्यानं डॉक्टरांना गाठलं, डॉक्टरांनी जोरदार गोळी लिहून दिली. गोळीनं तिला गुंगी यायची. ती झोपली की पडद्याआड सामसूम व्हायची आणि त्याचा हात निवांत चालायचा. "आता आराम पडतोय तिला," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. सगळा हिवाळा असा गेला.

मग वाचाबाई तपासायला आल्या. तोवर तिचं एक बोट कसंबसं उचलत होतं. जड डोळ्यांनी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"ताई, पाठ फार दुखते का?"

बोट सरकलं. 'नाही.'

"दुसरं कुठं दुखतंय?"

'नाही.'

वाचाबाईंनी पेटी पुढ्यात ओढून एकेक चौकोन वाजवून बघितला. "यांना हाक मारायची सोयच नाही यात," त्या हळूच म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "यांनी जवळ येऊन बसावं, म्हणून पाठ दाबता?"

'हो.' बोट त्या चौकोनावरून उठेना.

कोरे चौकोन आता दुसऱ्या कोणाच्या आवाजात भरता येतील, असं सांगून वाचाबाई गेल्या. रेडिओवाला खाटेच्या कडेवर टेकला. गोळ्यांची बाटली उशाशीच होती. त्या बाटलीकडे बघून त्याला भडभडून आलं आणि तो लहान पोरासारखा रडला.

"तू बोलवत होतीस," तो म्हणाला, "आणि मी तुला झोपवत होतो."

ती बघत होती. डोळे पुसून मग त्यानं विचारायला नको ते विचारलं. नाही म्हणावं, एवढ्याच आशेनं.

"रागावलीस माझ्यावर?"

उभ्या संसारात तिनं त्याला बरं वाटावं म्हणून कधी काही सांगितलं नव्हतं. बोट सरकायला बराच वेळ लागला.

'हो.'

आवाज स्वच्छ होता, तिचाच होता. बाहेर कोणीतरी दुकानात हाका मारत होतं, थोडा वेळ थांबून निघून गेलं. तो तिचं बोट हातात धरून तिथंच बसून राहिला.