बटणाजवळचं माणूस

आमच्या घाटकोपरच्या चाळीतला लोखंडी पलंग ह्यांनी खोलीतच वेल्ड केला होता. म्हणजे तो दारातून आत आलाच नव्हता, मग बाहेर जाणार कसा? इतकी वर्षं त्यावर झोपले, पण हा प्रश्न कधी पडला नाही. चाळ पाडायची ठरली, सगळ्यांना दुसरीकडे खोल्या मिळाल्या आणि एकेक बिऱ्हाड हलायला लागलं, तेव्हा पडला.

मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, "आई, भंगारात दे ना. मी नवीन मागवतो, घरपोच येईल."

तसं त्याचं बरोबरच होतं. पण त्या पलंगाचा एकेक जोड मी घासलेला आहे हो. ह्यांचं ग्रिल-दरवाज्यांचं दुकान चाळीच्या खालीच होतं. हे वेल्डिंग मारायचे आणि मी ग्राइंडरने जोड गुळगुळीत करायची. हे गेल्यावर दुकान गेलं, ग्राइंडर तेवढा मी वर आणून ठेवला. म्हटलं, आपणच मधोमध कापू. दोन अर्धुकं होतील, दारातून निघतील, त्यातलं एक नव्या खोलीत मावेल. एकटीला किती जागा लागते?

एका दुपारी तयारी केली. बांगड्या काढल्या, केस घट्ट बांधून वर फडकं. साडी सोडून ह्यांची जुनी सुती पॅंट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. नायलॉनचा गाऊन नाही घालायचा, ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो. गादी आणि गॅसचा सिलेंडर गॅलरीत नेऊन ठेवला. पाण्याची बादली जवळ. गॉगल, हातमोजे, कानात कापूस. सगळं ह्यांच्या शिस्तीनं केलं.

आणि मग हात थांबला. ह्यांचा एक नियम राहिला होता. मशीन चालू असताना भिंतीवरच्या बटणाजवळ माणूस उभं पाहिजे. चकती लोखंडात अडकली, मशीन उसळलं, तर आपल्याला बटण सापडत नाही. उभ्या माणसानं नुसतं बंद करायचं. हे कापायचे तेव्हा मी उभी राहायची, मी घासायची तेव्हा हे. जेवणाची वेळ टळली तरी बटण सोडून कुणी हललं नाही.

गॅलरीत डोकावले. सगळी कुलपं. एक दार उघडं होतं, समोरचीचं. आणि तिच्याशी मी कितीतरी वर्षं बोलत नव्हते. कारण हेच मशीन. दुकानाच्या आवाजाने तिचं डोकं उठायचं, ती वरून ओरडायची, मी खालून. एकदा तर तिने गॅलरीतून तांदळाचं धुवण ओतलं होतं.

दारात जाऊन उभी राहिले. माझा अवतार बघून ती म्हणाली, "अगो बाई! मेलेला नवरा परत आला की काय?"

"बटणाजवळ उभं राहायला माणूस पाहिजे. मी बंद म्हटलं किंवा किंचाळले, तर दाबायचं."

"इतकी वर्षं तेच बंद करायला सांगत होते, तेव्हा ऐकलं नाहीस ते!"

पण पदर खोचून आली. मी मशीन पुढे ओढलं तशी ती वाकली. "चाकाला कुंकू कुणी लावलं गो?"

मीच लावलं होतं. दसऱ्याला हे मशीनची पूजा करायचे, पण चकती काढून, कागदात गुंडाळून, कोरड्या कपाटात ठेवायचे. ह्यांच्या माघारी दरवर्षी मी भक्तीच्या भरात चकतीलाच ओलं हळदकुंकू लावत गेले. कापायची चकती ओल खाते. अशी चकती फिरताना फुटली, की तुकडे तोंडावर येतात. मी अंगाला इतकं जपलं आणि चकतीकडे बघितलंच नाही.

खाली हार्डवेअरवाल्याकडून नवी आणली. तिच्या मधल्या कडीवर छापलेली मुदतीची तारीख चष्मा लावून वाचली. मशीनची पिन भिंतीतून काढून मगच चकती बदलली, चकतीवरचं कव्हर माझ्या बाजूला फिरवलं, आडवी मूठ घट्ट बसवली. पलंगाखाली दोन्हीकडे विटा लावल्या, कापताना फट मिटून चकती अडकू नये म्हणून.

"तू चकतीच्या रेषेत उभी राहू नकोस," मी म्हटलं.

"मी भिंतीला चिकटूनच आहे. तू चालव."

पहिलं मिनिट मशीन नुसतं फिरू दिलं. मग टेकवलं. जोर नाही करायचा, मशीनलाच खाऊ द्यायचं. ठिणग्या भिंतीकडे उडाल्या. डोक्याकडची पट्टी, पायाकडची, मधल्या तीन. प्रत्येक पट्टीनंतर मी "बंद" म्हणायची, ती दाबायची आणि चकती पूर्ण थांबेपर्यंत मी मशीन हातातच धरून ठेवायची. मशीन तोवर खाली ठेवायचं नसतं.

शेवटी पलंग दोन झाला.

"कुणाची बाजू नेतेस?" तिनं विचारलं.

"ह्यांची. भिंतीकडची."

तिचं बोट अजून बटणावरच होतं. मीच म्हटलं, "झालं गं, सोड आता."

तीन दिवसांनी ती बोरिवलीला लेकीकडे गेली. टेम्पोत बसताना म्हणाली, "आता खुशाल आवाज कर."

नव्या खोलीत अर्धा पलंग भिंतीला लावलाय, कापलेल्या बाजूला विटांवर. कड अजून धारदार आहे, उठताना पोटरीला लागते. घासायला पाच मिनिटं पुरतील. मशीन कोरडं आहे, चकती कागदात गुंडाळून कपाटात आहे. मी कडेला जुनं फडकं बांधून ठेवलंय. बटण इथे दाराजवळ आहे, आणि तिथे उभं राहायला कुणी नाही.