तार काढलेला सायरन

दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू भुतासारखी वागावी, असा हात आमच्या धाकट्या भाऊजींखेरीज अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाला नसेल. त्यांनी हात लावल्यापासून घरची बेल दारात कोणी नसताना वाजते आणि पंखा बटण बंद केल्यावर घटकाभर विचार करून मग थांबतो. स्क्रू ते मसाल्याच्या डब्यात ठेवतात. एकदा माझ्या वरणात एक निघाला, तर म्हणाले, "बरं झालं वहिनी, याच्याचसाठी रेडिओ अडला होता!" बंद पडलेल्या वस्तूला मेली म्हणायचं नाही, असा त्यांचा नेम. "निजली म्हना."

मी तरी कुठली शहाणी! तरुणपणी ‘भूतबीत काही नसतं’ असं साऱ्या गल्लीला शिकवायची, आणि भर दुपारी मागच्या आडावर जायचं झालं की याच भाऊजींना "चला, गंमत दाखवते" म्हणून सोबत न्यायची. गंमत काय, मीच!

धाकट्या जावेला आता माणसं आठवत नाहीत, बोरी अरबचं माहेर तेवढं आठवतं. नजर चुकली की पिशवी घेऊन अंगणातल्या गाडीत जाऊन बसते. गाडीचं दार उघडलं की तिचा सायरन बोंबलतो आणि भाऊजी धावतात. तो सायरन मुका झाला तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं. "हा नाही बोलला तर ही कुठं गेली, मले कसं समजन?"

उन्हाळ्याची दुपार होती, ऊन थेट डोक्यावर. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आमचं घाटंजी गाव सगळी दारं लावून पडलं होतं. जेवणाच्या टेबलावर सायरन उघडून आम्ही दोघं त्यावर वाकलो होतो. भाऊजींनी त्याच्या पोटातली छोटी बॅटरी बदलली, घरातल्या एका मोठ्या बॅटरीची तार जोडून पाहिली. चूप. "निजलाच हा," म्हणत त्यांनी तार काढली, आणि कशालाही न जोडलेला तो डबा किंचाळायला लागला. भूत नसतं, हे मी टेबलाखालून ओरडून सांगितलं.

"भेऊ नका वहिनी! तार तोडली की वरडासाठीच त्याच्या पोटात बॅटरी असते, चोरासाठी!" डब्याची चावी फिरवून त्यांनी त्याला गप्प केलं. त्या शांततेत कळलं, घरात दुसरा कसलाच आवाज नाही. पलंग रिकामा. पिशवी नाही. गाडीही रिकामी.

रस्ता दोन्हीकडे पांढराफटक. हाका मारून उपयोग नव्हता. ती स्वतःच्या नावालाही ओ देत नाही. भाऊजींनी डबा छातीशी धरला, चावी फिरवली आणि तो रडता सायरन घेऊन उन्हात चालू लागले. मागे मी, अनवाणी. कुणी दार उघडलं नाही, खिडक्या तेवढ्या बोटभर किलकिल्या झाल्या. मग कापसाच्या बंद जिनिंग मिलच्या भिंतीआडून, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई सावकाश आमच्याकडे येऊ लागली. तिची सावलीसुद्धा पडत नव्हती. माझ्या तोंडून रामरक्षा सुरू झाली.

"कायले बोंबलता एवढं?" जाऊ म्हणाली. "आली ना मी. चला, गाडी काढा."

सायरन रडला की हा माणूस येतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

भाऊजींनी गाडी काढली. माहेरी तिचं आता कुणी उरलेलं नाही. गावाला एक वळसा घालून त्यांनी गाडी आमच्याच फाटकाशी आणली. "उतर. आलं बोरी."

ती उतरली. घराकडे नवलानं पाहत उंबऱ्याशी आली आणि माझा हात धरला. "आई, जावई उन्हात उभे हायेत. त्यांले आत बोलाव ना."

मी पदर सारखा केला. "या, जावईबापू."

भाऊजींनी चपला काढल्या आणि स्वतःच्याच घरात खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखे, अवघडून बसले.